गाण्यामागचं दुसरं गाणं: चालीला जोडचाल कशी सुचते?

असं तुमचंही झालं असेल. एखादं गाणं डोक्यात बसतं, आपण दिवसभर ते गुणगुणत फिरतो आणि मग कधीतरी लक्षात येतं की अरे, आपण गाणं गुणगुणतच नाहीये, गायिका जिथे श्वास घेते तिथे मागे व्हायोलिनने जे काही वाजवलंय ना, ते गुणगुणतोय. मूळ चाल वेगळीच आहे. आणि मजा म्हणजे ते व्हायोलिनचं एकटं गुणगुणलं तरी छान लागतं, मूळ चालीबरोबर वाजलं तरी छान लागतं, आणि दोन वेगळ्या चाली एकाच वेळी चालू असूनही डोक्यात गोंधळ होत नाही.

आता दोन माणसं एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी बोलायला लागली तर आपल्याला एकाचंही धड कळत नाही, मग सुरांत हे कसं चालतं? तयार चालीला अशी दुसरी चाल जोडणारे लोक नक्की करतात काय? प्रतिभा वगैरे आहेच, पण त्याच्याखाली बरीच साधी कारागिरी असते आणि ती शिकता येते. आज तेवढंच बघू.

या दुसऱ्या चालीला काउंटर मेलडी म्हणतात. मी इथे तिला जोडचाल म्हणणार आहे, कारण शेवटी ती चालच आहे, फक्त जोडीने जन्मलेली.

कोरस, हार्मनी, जुगलबंदी, यातलं हे नक्की कुठलं?

यातलं कुठलंच नाही. कोरसमध्ये दहा जण एकच चाल गातात, आवाज जाड होतो, बस. हार्मनी म्हणून आपण जे बहुतेक वेळा ऐकतो त्यात दुसरा गायक मूळ चालीच्या दोन स्वर वर किंवा खाली राहून तिच्या मागे मागे जातो. ती चढली की हा चढतो, ती थांबली की हा थांबतो. ती सावली झाली. सावली सुंदर असते, पण माणूस निघून गेला की सावलीला स्वतःचं काही काम उरत नाही. जुगलबंदीत दोघं स्वतंत्र असतात खरे, पण बराच वेळ आळीपाळीने वाजवतात.

जोडचालीची परीक्षा सोपी आहे. मूळ चाल बंद करा आणि ही एकटी वाजवून बघा. तिला सुरुवात, चढ, उतार, शेवट असं काही आहे का? असेल तर ती जोडचाल, नाहीतर नुसती भर.

हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले वादक याला ऑब्लिगाटो म्हणायचे, गायकाच्या मागे वाजणारी वाद्यांची वेगळी ओळ. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ आहे 'बंधनकारक', म्हणजे स्वरलिपीत लिहिलंय ते वाजवायचंच, गाळायचं नाही. वाजवणाऱ्याला बंधन आणि ऐकणाऱ्याला मोकळं मोकळं वाटणार, मला हे फार आवडतं.

दोन सूर एकत्र कधी गोड लागतात?

थोडं गणित, पण घाबरू नका, दोनच मिनिटं. आपला सा सेकंदाला 240 कंपनांचा धरू. मग शुद्ध ग होतो 300, प होतो 360, आणि वरचा सा 480. सा ची 2 कंपनं होतात तेवढ्यात प ची बरोबर 3 होतात, सा च्या 4 मध्ये ग ची 5. म्हणजे दोघांची पावलं दर थोड्या वेळाने एकत्र पडतात, म्हणून कानाला ती जोडी जुळलेली वाटते. आता कोमल रे घ्या, तो येतो 256 ला. सा ची 15 आणि याची 16. पावलं जुळायला फार वेळ लागतो, वर दोघांत 16 चा फरक असल्याने आवाज सेकंदाला 16 वेळा लहानमोठा होतो, आणि हीच ती खरखर जी आपल्याला टोचते.

आपल्याकडे षड्ज-पंचम भाव (सा आणि प चं नातं), षड्ज-मध्यम भाव (सा आणि म चं) म्हणतात ते याच जुळण्याबद्दल आहे. गाण्याच्या भाषेत जुळणारी जोडी संवादी आणि टोचणारी विसंवादी.

पण इथे एक गैरसमज काढून टाकतो. टोचणारी जोडी वापरायचीच नाही असं अजिबात नाही! ती *कधी* येते याला महत्त्व आहे. मात्रेवर जोर असताना, दोघंही ठाण मांडून बसलेले असताना टोचली तर चूक वाटते. तीच एका गोड जोडीकडून दुसऱ्या गोड जोडीकडे जाता जाता अर्धा क्षण आली तर उलट चाल पुढे ढकलली जाते, ओढ तयार होते. सगळंच गोड ठेवलं तर दोन आवर्तनांत कान कंटाळतो.

सुरांच्या आधी वेळ

नवीन माणूस जोडचाल करायला बसला की पहिला प्रश्न विचारतो, "कुठले स्वर घेऊ?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे, "कधी बोलू आणि कधी गप्प बसू?"

कोणी गोष्ट सांगत असतं तेव्हा चांगला ऐकणारा काय करतो आठवा. सांगणारा बोलत असताना तो मध्ये बोलत नाही, पण सांगणाऱ्याने वाक्य संपवून श्वास घेतला की बरोबर तिथे "हं… मग?" येतं. त्या हुंकाराने गोष्ट तुटत नाही, उलट रंगते. जोडचालीचं पहिलं काम हे हुंकाराचं. मूळ चाल जिथे एका स्वरावर थांबते तिथे तुम्ही हला, ती जिथे भराभरा हलते तिथे तुम्ही एका स्वरावर लांब उभे राहा किंवा सरळ गप्प बसा.

यामागे कानाचं कारणही आहे. दोन आवाज बरोबर एकाच क्षणी सुरू झाले आणि एकाच क्षणी थांबले की मेंदू त्यांना एकच वस्तू समजून चिकटवून टाकतो. वेगवेगळ्या क्षणी सुरू झाले, वेगवेगळ्या उंचीवर असले, वाद्याचा पोत वेगळा असला, की मेंदू म्हणतो की इथे दोघं जण आहेत. म्हणून जोडचाल बहुतेक वेळा मूळ चालीपेक्षा बऱ्यापैकी वर किंवा खाली ठेवतात आणि शक्यतो दुसऱ्या वाद्यावर देतात.

दुसरी गोष्ट दिशेची. जिन्यात एक माणूस वर चाललाय आणि दुसरा खाली येतोय, तर दोघं लगेच वेगळे दिसतात, पण दोघंही एकाच पायरीच्या अंतराने वर चालले असतील तर ती एक रांग दिसते. मूळ चाल चढत असेल तर जोडचाल उतरवा. ती उतरत असेल तर चढवा. दरवेळी नाही हं, दरवेळी केलं तर तेही यंत्रासारखं होतं, पण महत्त्वाच्या वळणांवर नक्की.

चला, एक करूनच बघू

नुसतं वाचून हे कळणार नाही. हार्मोनियम, कीबोर्ड, फोनवरचा पियानो, जे असेल ते घ्या. मी मुद्दाम एक अगदी साधी चाल बनवलीये, सगळे शुद्ध स्वर, चार मात्रांचे चार भाग. आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, शून्य म्हणजे गप्प.

चाल: सा रे ग – । म ग रे – । ग प ध – । प रे सा –

जोड: ० ० सा नि । ध – नि प । सा – म ध । नि – सा –

जोडीच्या ओळीतला सा हा तोच मधला सा आहे आणि बाकी सगळे स्वर त्याच्या खालचे, मंद्र सप्तकातले. आधी चाल एकटी वाजवा, मग जोड एकटी, मग दोन हातांनी दोन्ही. शेवटचं जमायला वेळ लागेल. तोवर एक ओळ फोनवर रेकॉर्ड करून तिच्यावर दुसरी वाजवा.

आता काय काय केलंय ते बघा. पहिल्या दोन मात्रा जोड गप्पच आहे, कारण ऐकणाऱ्याला मूळ चाल आधी ओळखू द्यायची. चाल ग वर थांबते त्याच क्षणी जोड सा वर येते, सा-ग ची गोड जोडी, आणि मग ती सा नि ध अशी उतरायला लागते तेव्हा चाल ग वरून म कडे चढतीये. म्हणजे जिन्यातले दोघं. मधल्या त्या नि ची वरच्या ग शी जोडी पक्की बसत नाही, किंचित अधांतरी वाटते, पण तो सा कडून ध कडे जाताना वाटेत लागलेला स्वर आहे, जोर नसलेल्या मात्रेवर, त्यामुळे खपून जातो. खपून काय, बरा वाटतो.

दुसऱ्या भागात चाल म ग असं हलते तेव्हा जोड ध वर शांत उभी आहे. तिसऱ्यातही तसंच, चाल ग वरून प वर उडी मारते तेव्हा जोड सा धरून बसलीये. मग चाल ध वर टेकली की जोड खाली म वर जाते आणि तिथून म ध नि सा अशी चढत येते, आणि याच वेळी चाल ध प रे सा अशी उतरतीये. हा या तुकड्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. दोन्ही टोकांकडून दोघं सा कडे येतात, रे वरून एक खाली, नि वरून एक वर, आणि सा वर भेटतात. रे आणि नि दोन्ही बाजूंनी सा ला भिडतात ही शेवट करायची पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे आणि अजूनही भरवशाची आहे.

यात मी केलेली चूक

वरची जोड पहिल्या फटक्यात आलेली नाही. दुसऱ्या भागात मी आधी ध – प नि असं लिहिलं होतं. कागदावर मस्त दिसत होतं, वाजवल्यावर मात्र त्या जागी जोड अचानक गायब व्हायची, जणू वाजवणाऱ्याने हात उचलला. दोन-तीनदा वाजवलं तेव्हा कळलं की वर ग वाजतोय तेव्हा खाली ध, आणि वर रे आला तेव्हा खाली प. ध-ग मध्ये पंचमाचं, म्हणजे सा ते प एवढं, अंतर, प-रे मध्येही पंचमाचंच, आणि दोघं हातात हात घालून खाली उतरले.

याला सलग पंचम म्हणू. पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांना पहिल्याच वर्षी यासाठी ओरडा बसतो, आणि बहुतेकांना वाटतं की हा कुठल्यातरी जुनाट मास्तरांचा हट्ट आहे. पण कारण साधं आहे. सप्तकाच्या अंतरानंतर पंचमाची जोडी इतकी घट्ट जुळते की दोन्ही स्वर एकमेकांत विरघळतात. एकदा विरघळले तर ठीक, पण दोनदा लागोपाठ, एकाच दिशेने विरघळले की दोन माणसांचा एकच माणूस होतो. प च्या जागी नि टाकला आणि प त्याच्या मागे ढकलला, जोड ध वरून वर गेली, चाल ग वरून खाली आली, आणि दोघं परत वेगळे ऐकू यायला लागले. दोन स्वरांची अदलाबदल, बस.

पण एवढे नियम कशाला? कानाला बरं वाटलं की झालं ना?

झालंच. कान शेवटचा न्यायाधीश आहे, माझं काही म्हणणं नाही. पण कान फक्त "काहीतरी चुकतंय" एवढंच सांगतो, *काय* चुकतंय ते सांगत नाही. वरच्या उदाहरणात मला पंचमाची गोष्ट माहीत नसती तर मी बहुतेक सगळी ओळच खोडून परत सुरुवात केली असती.

हे नियम कोणी एकाने बसून ठरवलेले नाहीत. युरोपात चर्चमधली तयार, जुनी चाल लांब लांब स्वरांत धरून ठेवायची आणि तिच्याभोवती दुसरा आवाज फिरवायचा, अशी सुरुवात झाली (टेनर हा शब्द तिथलाच, लॅटिनमध्ये 'धरणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला, चाल धरून ठेवणारा तो टेनर). शेकडो वर्षं लोकांनी करून बघितलं आणि जे चाललं ते टिकलं. 1725 मध्ये व्हिएन्नात योहान योझेफ फुक्स या संगीतकाराने हे सगळं एका पुस्तकात नीट लावलं, तेही गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात. त्याची युक्ती साधी होती, शिष्याला एक तयार चाल द्यायची आणि पाच पायऱ्यांत शिकवायचं. आधी एका स्वरासमोर एकच स्वर, मग एकासमोर दोन, मग चार, मग स्वर पुढच्या मात्रेवर ओढून टोचवायचा आणि सोडवायचा, आणि शेवटी सगळं मिसळून. हायडन आणि बेथोव्हेनसारखे मोठे संगीतकार याच वाटेने शिकले. चालीसमोर चाल बांधायच्या या कलेला 'काउंटरपॉइंट' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही तोच, बिंदूसमोर बिंदू.

आणि तयार रचना म्हणजे जुनीपुराणी बंदिस्त गोष्ट असंही नाही. बाख या जर्मन संगीतकाराने 1722 मध्ये पूर्ण केलेल्या संग्रहातला पहिला तुकडा नुसत्या तुटक तुटक स्वरांचा आहे, त्यात गाता येईल अशी चाल जवळजवळ नाहीच. त्याच्यावर शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकाराने एक नवी लांब चाल बसवली आणि ती 1853 मध्ये छापली गेली. मधे 130 वर्षं गेली होती, दोघांची भेट होण्याचा प्रश्नच नाही, पण ऐकताना वाटतं की ती जागा तिच्यासाठीच रिकामी ठेवलेली होती.

हे आपल्या रागसंगीतात बसतं का?

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे.

रागाचा जीव एका ओळीत असतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (स्वर हळूच झुलवणं), एखाद्या स्वरावर किती रेंगाळायचं, हे सगळं एकट्या आवाजात जसं दिसतं तसं दोन आवाजांत दिसत नाही. दुसरी चाल आली की कान दोघांमधलं अंतर मोजायला लागतो आणि त्या बारीक जागा बुजून जातात. ख्याल गाणाऱ्याच्या मागे हार्मोनियमवाला किंवा सारंगीवाला जे वाजवतो ते बहुतेक वेळा जोडचाल नसते, तो गायकाच्याच ओळीच्या अर्धं पाऊल मागून चालत असतो. पण गायक थांबला की तो जी छोटीशी जागा भरतो ना, तिथे त्याच हुंकाराच्या कलेचं दर्शन होतं, म्हणून मला ही दोन जगं वाटतात तेवढी लांबची वाटत नाहीत.

भावगीत, सिनेसंगीत, रागावर आधारलेली हलकी चाल, इथे मात्र जोडचाल मजेत बसते, एक पथ्य पाळून. जोडचालीनेही राग पाळायचा. नुसते स्वर रागातले घेऊन भागत नाही, चलनही, म्हणजे त्या रागात स्वर कसे पुढेमागे जातात तेही, बघावं लागतं, नाहीतर वर एक राग आणि खाली त्याचा चुलतभाऊ असा प्रकार होतो.

पहिल्यांदा करून बघायचं असेल तर भूप घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर, म आणि नि नाहीतच, त्यामुळे शेजारच्या अर्ध्या अंतराची ती खरखरणारी जोडी तयारच होत नाही. कसंही वाजवलं तरी फारसं टोचत नाही. अर्थात म्हणूनच तिथे ओढही कमी निर्माण होते, आणि थोड्या दिवसांनी तुम्हाला नि ची आठवण यायला लागते.

मूळ गाण्यावरून लक्ष नाही का उडणार?

उडू शकतं. वाईट जोडचालीचा हा नेहमीचा रोग आहे, ती करणाऱ्याला आपलं डोकं दाखवायचं असतं. मी एकदा एका गाण्याच्या पहिल्या कडव्यापासून जोड सुरू केली होती, ऐकणाऱ्या मित्राने विचारलं, "यात गाणं कुठलंय?" वाईट वाटलं, पण प्रश्न योग्य होता.

तेव्हापासून मी पहिल्या वेळी जोड वाजवतच नाही. मुखडा एकदा ऐकून झाला, कानाने तो पाठ केला, की तो परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याचं थोडं लक्ष मोकळं झालेलं असतं, ते मोकळं लक्ष आपलं. शब्द महत्त्वाचे असतील तिथे जोड अजून बारीक करायची, आणि शब्द संपून नुसता स्वर लांबतो तिथे तिला सोडायचं.

आणि गाणाऱ्यांसाठी एक. तुमच्या वाट्याला जोड आली असेल तर सुरुवातीला तुम्ही मूळ चालीकडे घसरणारच, सगळे घसरतात, शेजारच्याचा सूर कानात शिरतो आणि गळा त्याच्या मागे जातो. कान झाकून गाणं हा उपाय नाही. जोड आधी एकटीच इतकी गा की ती तुम्हाला 'दुसरी' वाटणारच नाही.

कॉम्प्युटर हे करून देतो की

देतो. मूळ चाल दिली की खाली स्वर मांडून देणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि सलग पंचम वगैरे टाळणं हे तर त्यांना माझ्यापेक्षा बरं जमतं. वापरा, काही बिघडत नाही. फक्त ती देतील ते एकटं वाजवून बघायची परीक्षा सोडू नका. आणि कुठे गप्प बसायचं हे त्यांनी भरून ठेवलेल्या ओळीतून तुम्हालाच खोडून काढावं लागेल, निदान मला तरी दरवेळी खोडावं लागलंय.

जाता जाता वरच्या उदाहरणात एक बदल करून बघा. दुसऱ्या भागाच्या शेवटी जोडीत खालचा प आहे, त्याच्या जागी मधला रे घ्या, ध – नि रे । सा असं. जोड जास्त गुळगुळीत होते, गायला सोपी पडते. पण त्या एका मात्रेला चालही रे वरच आहे, त्यामुळे दोघं क्षणभर एकाच स्वरावर येतात आणि परत सुटतात. मी आधी प ठेवला, मग रे केला, परत प केला, आणि हे लिहिताना पुन्हा वाजवून बघितलं तर आता मला रे च बरा वाटतोय.